सव्वादोनची एस.टी.

माझा पहिला ईसीजी मी स्वतःच काढला. ऑगस्ट २०२२, रात्रीचे पावणेतीन वाजले असतील. कॅज्युअल्टीतून वॉर्डात येताना जिन्यातच छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या आणि आता आपण इथंच पडणार अशी खात्री झाली. मेडिसिनच्या हाऊसमनला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला, अशा वेळी जे सुचतं तेच सुचलं. साईड रूममध्ये मशीन ओढत नेलं, शर्ट काढला, लिड्स लावल्या. स्वतःच्या छातीला लिड्स लावणं दिसतं तितकं सोपं नाही. ते रबरी फुगे एक दाबला की दुसरा सुटतो. सिस्टर कशाला तरी आत आल्या, काहीही न विचारता त्यांनी दोन फुगे दाबून धरले आणि पट्टी निघाली. सायनस टॅकिकार्डिया, म्हणजे ठोके नियमित पण जलद, रेट १२८, बाकी सगळं नॉर्मल. नाव विचारणारं कुणी नव्हतं, तरी मी पट्टीवर पेनानं 'बेड १४' लिहिलं. बेड १४ त्या रात्री रिकामा होता.

ट्रोपोनिन, म्हणजे हार्ट अटॅकची रक्तचाचणी, पाठवावं का, यावर दहा मिनिटं डोकं खाजवलं. फॉर्मवर नाव काय टाकणार म्हणून सोडून दिलं. मग पँटोप्राझोलची एक गोळी घेतली आणि पुन्हा कॅज्युअल्टीत गेलो. सव्वीस वर्षांचा दुसरा कुणी ही लक्षणं घेऊन समोर आला असता, तर 'पॅनिक अटॅक' हे दोन शब्द मी दोन मिनिटांत लिहून मोकळा झालो असतो. स्वतःच्या बाबतीत माझं निदान होतं ॲसिडिटी.

मराठवाड्यातल्या एका शासकीय रुग्णालयात मी एमडी मेडिसिनला रुजू झालो मार्च २०२२मध्ये. खरं तर आमची बॅच त्याच्या आदल्या वर्षीच यायला हवी होती. २०२१ची नीट-पीजी एप्रिलची सप्टेंबरवर गेली. मग कौन्सेलिंग आर्थिक दुर्बल घटकांच्या आठ लाख उत्पन्नाच्या निकषावरून सर्वोच्च न्यायालयात अडकलं, ते जानेवारी २०२२पर्यंत. याचा अर्थ असा, की आमच्या आधीच्या बॅचनं कोविडच्या लाटा पाहिल्या आणि वर हाताखाली कुणी नसताना पहिल्या वर्षाची हमालीही दीड वर्षाच्या वर ओढली. आम्ही पोचलो तेव्हा ते आमची वाट पाहत होते, पण स्वागताला नव्हे. त्यांचे डोळे आठवले की आता मला त्यांचा राग येत नाही. तेव्हा यायचा.

बाहेरच्या माणसाला हाऊसमन म्हणजे नक्की काय करतो हे सांगूनही पटत नाही. पहाटे साडेचारला उठायचं. वॉर्डातल्या चाळीसेक पेशंटची रक्तं काढायची, बल्बवर (रक्ताच्या बाटल्यांवर) लेबलं चिकटवायची, फॉर्म भरायचे, मामा (वॉर्डबॉय) जाग्यावर नसले तर लॅबमध्ये आपणच पळायचं. आठच्या आत आदल्या रात्रीचे सगळे रिपोर्ट केसपेपरवर उतरलेले हवेत. राऊंडला सरांनी बेड २२चं क्रिएटिनिन विचारलं आणि तुम्ही कागद बघितला, तर संपलं. मग ओपीडी, मग प्रोसिजर, मग संध्याकाळचा राऊंड. आठवड्यातून एकदा युनिटची इमर्जन्सी: त्या दिवशी सकाळी आत गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी रात्री बाहेर येतो. मध्ये झोप म्हणजे खुर्चीत, किंवा एक्स-रे सुकायची वाट बघताना भिंतीला टेकून.

केंद्राच्या आरोग्य खात्याचं ५ जून १९९२चं एक पत्र आहे. सलग बारा तासांपेक्षा जास्त ड्युटी नको, आठवड्याला साधारण अठ्ठेचाळीस तास, आणि आळीपाळीनं एक सुट्टी. हे पत्र निघालं तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. एका को-जेआरनं (माझ्याच वर्षाच्या ज्युनिअर रेसिडेंटनं) ते प्रिंट काढून ड्युटी रूमच्या कपाटाला आतून चिकटवलं होतं, लोक देवाचा फोटो लावतात तसं. वाचून आम्ही हसायचो.

सप्टेंबरपासून झोप गेली. म्हणजे वेळ मिळायचा नाही हे वेगळं. आता वेळ मिळाला तरी झोप लागायची नाही. इमर्जन्सीनंतर हॉस्टेलवर येऊन आडवं व्हावं, तर कानात फोनची रिंग. उठून बघावं तर फोन गप्प. शेवटी रिंगटोन बदलली, तर दोन दिवसांत नव्या रिंगटोनचीही तीच गत झाली. पुढं बाजारात कुणाच्या खिशात तो सूर वाजला, तरी पोटात खड्डा पडायचा. वजन अडुसष्टचं साठ झालं. पट्ट्याला कात्रीनं एक भोक पाडलं, मग आणखी एक. घरून फोन आला की 'राऊंड चालू आहे' म्हणायचो. रात्री दहालासुद्धा. अण्णांना राऊंड म्हणजे काय ते धड माहीत नाही, त्यामुळं ते लगेच ठेवायचे, आणि ठेवताना मलाच 'जेवून घे' म्हणायचे.

घाबरलो मात्र यातल्या कशानं नाही. ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी बेड ९चं पोटॅशियम २.६ आलं, धोक्याइतकं कमी. मी करेक्शन लिहिलं, ड्रिपमध्ये केसीएल (पोटॅशियमचं इंजेक्शन) किती, किती तासांत, सगळं बरोबर. फक्त लिहिलं बेड १९च्या कागदावर. सिस्टरांनी ॲम्प्युल हातात घेतली आणि तिथूनच विचारलं, "डॉक्टर, एकोणीसचं पोटॅशियम दुपारी पाच होतं ना?" मी कागद बघितला. अक्षर माझंच होतं. लिहिल्याचं आठवत नव्हतं. पाच असलेल्याला ते गेलं असतं, तर हृदय बंद पडू शकलं असतं. "हो, नवाला द्या," एवढंच म्हणालो, कागदावर काट मारून सही केली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो. कितीतरी वेळ. बाहेरून जेआर-टूनं (दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटनं) दारावर थाप मारली आणि विचारलं, "संडासला जायला परमिशन घेतली का?" चेष्टेत म्हणाले असतील. मला तेव्हा चेष्टा कळायची बंद झाली होती.

आता एक सांगितलं पाहिजे. आमच्या वॉर्डात दर आठवड्याला विषबाधेचे पेशंट यायचे, बहुतेक शेतकरी, काही नव्यानं लग्न झालेल्या मुली. ॲट्रोपिन, व्हेंटिलेटर, कधी आठ-आठ, दहा-दहा दिवसांची झुंज. पेशंट वाचला की डिस्चार्जच्या आधी एक काम हाऊसमनकडं असतं: सायकियाट्री रेफरन्स, म्हणजे मानसोपचार विभागाला चिठ्ठी लिहिणं. 'काइंडली सी अँड ॲडव्हाइज.' असे रेफरन्स मी सहा महिन्यांत पन्नासच्या वर लिहिले असतील. ते बघायला यायचा सायकियाट्रीचा जेआर-वन, जो हॉस्टेलवर माझ्या समोरच्या खोलीत राहायचा. अंघोळीची बादली माझी, मगा त्याचा. मला उपचार हवे असते, तर कॉरिडॉर ओलांडून चौदा पावलं जायचं होतं.

त्याच चौदा पावलांनी घोळ केला. आमच्याच ओपीडीत गेलो तर खिडकीवर केसपेपर काढायचा, तिथला क्लार्क ओळखीचा. रजिस्टरमध्ये नाव लागणार, ते रजिस्टर इंटर्न लिहिणार. औषधाची चिठ्ठी घेऊन फार्मसीच्या रांगेत उभं राहायचं, तिथं पुढंमागं आपलेच पेशंट. आणि मुळात ओपीडी सकाळी नऊ ते एक. त्या वेळेत मी माझ्या ओपीडीत. डॉक्टरला आजारी पडायचं तर जागाही नाही आणि वेळही नाही, हे माझं रडगाणं नाही, वेळापत्रकच तसं आहे. त्यात आणखी एक भीती, मूर्खासारखी पण खरी: उद्या राऊंडला मी काही चुकलो, तर चूक माझी न राहता 'त्याला ते आहे ना' अशी होईल.

नैराश्य मोजायची पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची एक चाचणी असते. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं, याला शून्य ते तीन गुण. मी ती फोनवर भरली, ड्युटी रूममध्ये, पांघरुणात. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. तिथं शून्य टाकलं. बेरीज १७. पेशंट खोटं बोलतात हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मी तर स्वतःच्याच फोनशी खोटं बोलत होतो, जो कुणी बघणारही नव्हतं. खरं उत्तर टाकलं, १९ झाले. तो आकडा बघून उलट थोडं बरं वाटलं. ताप मोजल्यावर वाटतं तसं.

त्याच महिन्यात टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन सुरू झाली होती, १४४१६. वॉर्डात पोस्टर आलं, ते मीच चिकटवलं. एका रात्री गच्चीवर जाऊन फोन लावला. पलीकडचा मुलगा मराठीत, शांतपणे बोलत होता. व्यवसाय विचारल्यावर मी 'बँकेत' म्हणालो. नोकरीत रात्रीही काम असतं, माणसं ओरडतात, चूक झाली तर कुणाचं तरी मोठं नुकसान होतं, असं सगळं सांगत गेलो. त्यानं बिचाऱ्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, कुठली बँक रात्री चालू असते?" कितीतरी दिवसांनी मी हसलो. त्यानं जिवाचे प्रश्न सरळ विचारले, आज रात्री सोबत कोण आहे ते विचारलं, आणि दोन दिवसांत प्रत्यक्ष डॉक्टरांना भेटायचं कबूल करून घेतलं.

म्हणून सव्वादोनची एस.टी. इमर्जन्सीनंतरच्या दुपारी, 'लाँड्रीला जाऊन येतो' असं को-जेआरला सांगून शेजारच्या जिल्ह्याच्या गावी गेलो. ऐंशी किलोमीटर. नकाशावर बघून मुद्दाम असं गाव निवडलं होतं, जिथं माझा एकही बॅचमेट नाही. दवाखान्यात टोकन सतरा. काऊंटरवरच्या मुलानं माझ्या मागं बघत विचारलं, "पेशंट कुठाय?" "मीच," म्हणालो. फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात 'नोकरी' लिहिलं. शेजारी एक बाई नवऱ्याचा हात घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांनी मला शेंगदाण्याची चिक्की दिली आणि 'पयल्यांदा आलाव का?' विचारलं. अडीच तास तिथं बसलो. ओपीडीच्या या बाजूला इतका वेळ मी याआधी कधी बसलो नव्हतो. लोक किती वेळ नुसते दाराकडं बघतात!

मॅडम पन्नाशीच्या असतील. काय होतंय विचारल्यावर मी सुरू झालो: अर्ली मॉर्निंग अवेकनिंग, ॲनहेडोनिया, वेट लॉस, सायकोमोटर... त्यांनी पेन खाली ठेवलं.

"कुठल्या ब्रँचला आहेस?"

तोवर त्या 'तुम्ही' म्हणत होत्या.

"मेडिसिन. जेआर-वन."

"शब्द मला येतात. ते राहू दे. सकाळी उठल्यावर काय होतं ते सांग."

सकाळी उठल्यावर काय होतं ते सांगायला मला दहा मिनिटं लागली. त्यातली सहा मी रडत होतो. नंतर त्यांनी जे केलं ते पेशंटला मी करतो तसंच होतं, फक्त सावकाश. घरात कुणाला असा त्रास? कधी उलटं झालंय का, म्हणजे झोप नसूनही अंगात प्रचंड उत्साह, वाट्टेल तेवढे पैसे खर्च, असं? (हा प्रश्न महत्त्वाचा; बायपोलर असेल तर नुसती नैराश्याची गोळी उलटू शकते.) दारू, झोपेच्या गोळ्या? वॉर्डातली औषधं स्वतःवर वापरलीस का? मरणाबद्दल त्यांनी आडवळण घेतलं नाही. विचार येतो की ठरवतोस? विचार येतो, म्हणालो. हॉस्टेलवर रोज रात्री ज्याच्या दारावर थाप मारता येईल, असा एक माणूस सांग, म्हणाल्या. माझ्या तोंडून निघालं ते त्या चौदा पावलांवरच्या मुलाचं नाव.

थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ करायला सांगितलं. बी-१२ कमी निघालं, मेसचं जेवण बघता नवल नाही. नैराश्यासाठी एसिटॅलोप्रॅम, आठवडाभर ५, मग १० मिलिग्रॅम. झोपेसाठी क्लोनाझेपाम अर्ध्या मिलिग्रॅमची अर्धी गोळी, फक्त पंधरा दिवस, फक्त खोलीवर झोपणार असशील त्या रात्री. "आणि हे बघ, तू छत्तीस तास जागा राहणार असशील तर माझ्याकडं त्याला गोळी नाही." सर्टिफिकेट लिहिताना निदान घालू का, विचारलं. मी नको म्हणालो. 'वैद्यकीय कारणास्तव विश्रांती व काही काळ रात्रपाळी टाळावी' असं लिहून दिलं. फी सहाशे, पहिल्या वेळी घेतली, पुढं कधीच घेतली नाही.

हे सर्टिफिकेट पाच दिवस माझ्या एप्रनच्या खिशात होतं. युनिटच्या लेक्चररांना दाखवलं, तर म्हणाले, "आमच्या वेळी आम्ही बहात्तर-बहात्तर तास उभे असायचो." ते खोटं बोलत नव्हते. वाईट हेच, की ते खोटं बोलत नव्हते. मार्ग दाखवला तो विद्यार्थी विभागातल्या एका कारकुनानं. त्यानं कागद वाचला, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि दार लोटून घेतलं. "सर, एकदम महिनाभर टाकू नका, फाईल वर जाते अन् चार टेबलं फिरते. शिल्लक किरकोळ रजा आधी लावा, त्याला वैद्यकीय जोडा. हजेरी ऐंशी टक्क्यांच्या खाली जात नाही तोवर परीक्षेला काही होत नाही. जास्तीचे दिवस शेवटी भरून द्या." मी आठ महिने टर्म वाढण्याच्या भीतीनं मरत होतो, त्या भीतीचा हिशेब त्यानं कॅलेंडरच्या मागं पेन्सिलीनं करून दाखवला. एकवीस दिवस मिळाले. शेवटी नऊ दिवस भरून द्यावे लागले, बस्स.

घरी सांगणं जास्त अवघड गेलं. आमचं गाव हिंगोलीकडचं. घरात हळद आणि सोयाबीन, आणि अख्ख्या भावकीत डॉक्टर मी पहिला. आईनं मला बघून आधी मीठ-मोहऱ्या उतरवल्या. तिसऱ्या दिवशी अण्णा शेतातल्या आखाड्यावर घेऊन गेले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिथं कोन मारतंय का तुला?"

"नाही."

"मंग?"

मग काय, ते मला सांगता येईना. म्हणालो, मन लागत नाही, डोकं चालत नाही, गोळ्या चालू आहेत.

"सोडून ये की मंग."

मी दंडाचं सांगितलं. मधेच सीट सोडली तर लाखांत भरावे लागतात, आणि पुन्हा प्रवेशाचं काय ते वेगळंच. (पुढं २०२४मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं राज्यांना लिहिलं की हा सीट सोडण्याचा बाँड काढून टाका. आम्ही तेव्हा बाहेर पडायला आलो होतो.) अण्णांनी ऐकून घेतलं, एक ढेकूळ पायानं फोडलं आणि म्हणाले, "दोन एकर काढू. रानापरीस लेकरू मोठं हाय का न्हाई?"

या वाक्यानं बाप ग्रेट वगैरे वाटायला हवं. मला त्या रात्री जास्तच त्रास झाला. माझ्यापायी आता रान जाणार, हे नवं ओझं. औषधाचा असर व्हायच्या आधीच्या दिवसांत प्रेमसुद्धा अंगावर दगडासारखं पडतं, हे तेव्हा कळलं. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, आत्ता कुठलाच मोठा निर्णय घ्यायचा नाही, सीट सोडायचा नाही आणि न सोडायचाही नाही. अण्णांना फोन द्यायला सांगितलं. काय बोलल्या माहीत नाही, पण नंतर घरात जमिनीचा विषय निघाला नाही आणि रात्री गोळीची आठवण अण्णाच करायला लागले.

गोळीचे पहिले दहा दिवस खराब असतात. मळमळ, जांभया, अस्वस्थपणा थोडा वाढतोच. हे मी पेशंटला 'थोडंफार होईल' असं एका वाक्यात सांगायचो. आता सांगत नाही तसं. दोन ते चार आठवडे असर दिसत नाही हेही पुस्तकात आहे, पण पुस्तकात ते एका ओळीत संपतं. मला फरक कळला तो महिना होत आला तेव्हा, रुजू झाल्यावर, मेसमध्ये. डाळीचा घास घेतला आणि मी ओरडलो, "यात मीठ कुणी घालायचं?" शेजारचा चमकला. गेले तीन महिने तीच डाळ मी मुकाट्यानं गिळत होतो. ती खारट की अळणी हे मला कळतच नव्हतं.

मॅडम दर पंधरा दिवसांनी बोलवायच्या. एकदा त्यांनी काम दिलं: दोन दिवस येणारा प्रत्येक फोन लिहून ठेवायचा, तीन रकाने करून. वाजला तेव्हा काय वाटलं, प्रत्यक्षात काय होतं, किती मिनिटांत मिटलं. वॉर्डाच्या कोऱ्या फॉर्मांच्या मागं लिहिलं. चौसष्ट फोन. पहिल्या रकान्यात जवळजवळ सगळीकडं 'बेड गेला', म्हणजे पेशंट दगावला. दुसऱ्या रकान्यात: सॅम्पल हिमोलाईज झालं (रक्त पुन्हा काढा), फॉर्मवर सही नाही, नातेवाईक विचारतायत डिस्चार्ज कधी, सीटीची वेळ बदलली, मेसचा डबा आला. खरोखर पळत जावं लागलं असे तीन. चौसष्टात तीन. रिंगनं पोटात खड्डा पडणं त्या दिवशी थांबलं नाही, पण खड्डा पडला की 'चौसष्टात तीन' एवढं मनात यायला लागलं. हे औषधाचं काम की कागदाचं, हे ठरवायच्या फंदात मी पडलो नाही.

मग मी डॉक्टरासारखा वागलो. एप्रिल २०२३. पाच महिने झाले होते, बरं वाटत होतं, गोळी एकदम बंद केली. कुणाला विचारलं नाही. विचारायचं कुणाला, मीच तर एमडी होणार होतो. तीन-चार दिवसांत मान वळवली की डोक्यात बारीक करंट बसल्यासारखं व्हायचं, चक्कर, विचित्र स्वप्नं. तेवढं ओसरलं, पण महिनाभरात पहाटे तीनची जाग परत आली. मॅडम ओरडल्या नाहीत. "तुझ्या डायबेटिसच्या पेशंटनं साखर नॉर्मल आली म्हणून गोळी सोडली तर काय म्हणतोस?" एवढंच विचारलं. आम्ही काय म्हणतो ते इथं छापण्यासारखं नाही.

दुसऱ्या खेपेला बरं व्हायला मोठा हात लागला तो जिल्हा रुग्णालयातल्या तीन महिन्यांचा. आमची बॅच या जिल्हा निवासी कार्यक्रमाची पहिलीच. सगळे त्याला शिक्षा समजत होते. तिथं ड्युटी लावलेल्या वेळेला सुरू व्हायची आणि, हे मी शपथेवर सांगतो, संपायची. मी सात तास झोपायला लागलो. संध्याकाळी तलावाकाठी चालायला जायचो. गोळी तीच, मात्रा तीच, मॅडम त्याच; बदलली होती ती फक्त झोप.

एक गोष्ट लिहायची नव्हती, लिहितो. परत आल्यावर हाताखाली नवा हाऊसमन होता. एकदा राऊंडच्या आधी त्याचे रिपोर्ट उतरले नव्हते, आणि मी त्याला वॉर्डाच्या मधोमध, नातेवाइकांसमोर, जे बोललो ते शब्दच काय, त्यांची चालसुद्धा माझी नव्हती. माझ्या जेआर-टूची होती. जशीच्या तशी. तो मान खाली घालून उभा होता आणि त्याच्या पट्ट्याच्या टोकाशी मला एक वेडंवाकडं भोक दिसलं, कात्रीनं पाडलेलं. संध्याकाळी त्याच्याकडं जाऊन 'चुकलं माझं' म्हणालो. तो इतका घाबरला, की त्याला वाटलं ही पुढच्या शिक्षेची तयारी आहे.

२०२४च्या उन्हाळ्यात वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाचा ऑनलाइन फॉर्म आला, विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल. यावेळी मी नवव्या प्रश्नासारख्या प्रश्नांना खरी उत्तरं दिली. ऑगस्टमध्ये अहवाल आला. पदव्युत्तरच्या ५,३३७ जणांनी फॉर्म भरला होता आणि त्यातल्या ३१ टक्क्यांच्या आसपास जणांनी आत्महत्येचे विचार आल्याचं सांगितलं होतं. दर तीन रेसिडेंटांमागं जवळजवळ एक. म्हणजे आमच्या मेसच्या एका बाकावर दोघं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की तो एकटाच. शिफारस अशी होती, की आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको. बत्तीस वर्षांपूर्वी कागदावर ४८ होते. माझा को-जेआर म्हणाला, "प्रगती आहे. निदान खोटं कमी झालं." त्याच महिन्यात कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ते भयंकर झालं, छत्तीस तासांच्या ड्युटीत विसावलेल्या डॉक्टर मुलीवर बलात्कार आणि तिचा खून. देशभर संप झाले. आमच्या ड्युटी रूमच्या दाराला आतून कडी नव्हती, ती त्या आठवड्यात बसली.

मॅडमनी गोळी दोन महिन्यांत हळूहळू कमी करत जुलै २०२४ला बंद केली. पास झालो. आता बाँडच्या, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेच्या, वर्षासाठी एका उपजिल्हा रुग्णालयात आहे. रिंगटोन अजून बदललेली नाही, फोन कंपनातच असतो. झोप दोन रात्री बिघडली की मी घाबरतो, तिसऱ्या रात्री मॅडमना मेसेज करतो. बहुतेक वेळा 'चहा कमी कर' एवढंच उत्तर येतं.

शेवटच्या वर्षाची दिवाळी झाली, त्यानंतरची गोष्ट. तो पट्ट्याला भोक पाडणारा पोरगा आता जेआर-टू झालेला. मध्यरात्री एका पेशंटचा एबीजी (रक्तातल्या वायूंचा रिपोर्ट) घेऊन आला आणि रिपोर्ट टेबलावर ठेवून तसाच उभा राहिला. म्हटलं, बोल.

"सर, तुम्ही मधे दर पंधरा दिवसांनी लाँड्रीला जायचात."

"हं."

"कपडे कधी आणले नाहीत परत."

मी काही बोललो नाही. त्यानं एबीजीची चिठ्ठी उचलली, पुन्हा ठेवली.

"गाडी किती वाजता असते?"

"सव्वादोनला. पण ती वेळेवर सुटत नाही. वॉर्डातून दोन पंचविसाला निघालास तरी मिळते."